एकाच अंगाने भाजलेली

जावा बेटावरची सेराबी करणाऱ्या बाईजवळ उलथनं नसतं. तांदळाचं पीठ नारळाच्या दुधात कालवलेलं, पळीने ओतता येईल इतपत सैल. ते तापलेल्या छोट्या कढईत पडतं, वर झाकण बसतं आणि दोन-तीन मिनिटांनी जे तयार होतं ते तसंच उचलून केळीच्या पानावर ठेवलं जातं. खालून विस्तव, वरून वाफ. दुसरी बाजू भाजायचीच नाही. सेराबीची चव, तिचा पोत, तिचा वास, इतकंच काय तिच्या खाण्याची रीतसुद्धा या एका गोष्टीतून निघते असं माझं ठाम मत आहे. जगात गोड धिरडी पुष्कळ आहेत, पण बहुतेक सगळी दोन्ही अंगांनी भाजून सारखी केलेली असतात. सेराबीची एक बाजू खरपूस राहते आणि दुसरी ओलीच राहते, आणि तिथेच तिचं सगळं सौंदर्य आहे.

इंडोनेशियात सेराबी अनेक गावांची आहे. तिची घडण नीट पाहायची तर मध्य जावातलं सोलो गाठावं. सुराकार्ता हे या शहराचं कागदोपत्री नाव, लोकांच्या तोंडी मात्र सोलोच. इथे सुसुहुनान म्हणवणाऱ्या राजांचा राजवाडा आहे, मांकुनगर घराण्याचा दुसरा वाडा आहे, आणि शहराच्या मधोमध स्लामेत रियादी नावाचा लांबलचक रस्ता आहे, ज्याच्या कडेने रेल्वेचा रूळ जातो आणि मोटारी, सायकली यांच्या शेजारून खरोखरची गाडी हळूहळू सरकते. या रस्त्याच्या फुटपाथवर सेराबीवाल्या बसतात. बसायला बुटकं लाकडी बाकडं, समोर मातीच्या शेगड्यांची रांग. या शेगडीला जावात आंग्लो म्हणतात. तिच्यात लाकडी कोळसा, आणि प्रत्येक शेगडीवर तळहातापेक्षा थोडी मोठी, खोलगट कढई, तिला म्हणायचं वाजान. एका हातात पळी, दुसऱ्या हातात बांबूचा विणलेला पंखा. गिऱ्हाईक ‘बू’, म्हणजे बाई, अशी हाक मारतं, बाई मान वर न करता ‘मोंगो’ म्हणते, म्हणजे या, घ्या. मान वर करायला तिला सवड नसते. चार-पाच कढया एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि प्रत्येकीची वेळ तिला डोक्यात ठेवायची असते.

तिचा हात पाहण्यासारखा असतो. कढई तापली की ती पळीभर पीठ मधोमध ओतते आणि लगेच पळीच्या पाठीने, किंवा कढईच कानाला धरून गोल फिरवून, ते काठापर्यंत चढवते. काठावर चढलेला थर अगदी पातळ, कागदासारखा. बरंचसं पीठ घसरून पुन्हा मध्ये जमतं. ही पहिली हालचाल इतकी झटपट होते की नवख्याला ती दिसतही नाही, आणि सेराबीचा अर्धा निकाल तिथेच लागलेला असतो. काठावरचा पातळ थर क्षणात पाणी सोडून कडक होतो, तपकिरी होतो, कुरकुरीत झालर बनतो. मधला जाड भाग अजून कच्चाच असतो. मग त्याला जाळी सुटायला लागते. आणि जाळी सुटली, पण वरचा ओलेपणा गेलेला नाही, अशा नेमक्या क्षणी बाई दुसऱ्या भांड्यातून नारळाचं दाट दूध घेते, मध्यावर सोडते आणि झाकण ठेवते.

या दाट दुधाला आरेह म्हणतात. सोलोच्या सेराबीचा जीव आरेहमध्ये आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

नारळाचा चव पिळला की पहिलं दूध दाट निघतं. पाणी घालून पुन्हा पिळला की पातळ. पातळ दूध पिठात जातं, दाट दूध आरेहसाठी राखलं जातं. ते मंद विस्तवावर, सतत ढवळत, थोडं आटवायचं. ढवळणं थांबलं की दूध फाटतं, तेल सुटतं आणि मग त्याचा मऊपणा परत येत नाही. आटवताना त्यात पांदानचं पान गाठ मारून टाकतात आणि मीठ घालतात. मीठ नावाला घालत नाहीत. नुसतं आरेह बोटावर घेऊन चाटलं तर ते स्पष्ट खारट लागतं, आणि गोड पदार्थ म्हणून हे विकत घेतलंय ना, अशी शंका यावी इतपत खारट लागतं. साखर असते ती पिठात, आणि तीही बेताचीच. म्हणजे गोड आणि खारट हे दोन रस सेराबीत मिसळलेले नसतात. ते शेजारी शेजारी, वेगवेगळ्या थरांत ठेवलेले असतात. दाताखाली दोन्ही एकत्र येतात तेव्हा खारटपणा मागे हटतो आणि गोडी पुढे येते, प्रत्यक्षात साखर जितकी असते त्याहून जास्त. मिठाने कडवटपणा दबतो आणि गोडी उठते हे प्रत्येक घरच्या स्वयंपाकात माहीत असतं. सोलोच्या बायकांनी ते मिठाचं काम एका वेगळ्या थराला नेमून दिलं. गोड पदार्थात याहून हुशार मांडणी मी क्वचित पाहिली आहे.

आणि हे सगळं घडतं ते सेराबी उलथायची नसते म्हणून. उलथली असती तर आरेह कढईवर पडून करपलं असतं. झाकणाखालच्या वाफेत ते फक्त घट्ट होतं, सायीसारखं थरथरतं राहतं, आणि बुडाकडचं थोडं जाळीच्या भोकांत उतरून बसतं. तयार सेराबीच्या मध्यावर बोट हलकेच ठेवलं तर तो भाग दबतो आणि पुन्हा वर येतो. काठावर बोट ठेवलं तर तुकडा पडतो. एकाच ओतण्यात, एकाच विस्तवावर, तळहाताएवढ्या वर्तुळात हे दोन टोकांचे पोत तयार होतात आणि त्यांच्या मधली सगळी अंतरंही भरलेली असतात: कडक, मग चिवट, मग स्पंजासारखं मऊ, मग जवळजवळ पातळ. सेराबी काठापासून मध्याकडे सावकाश खाल्ली तर तांदळाच्या शिजण्याचा सगळा प्रवास उलट्या क्रमाने अनुभवता येतो.

जाळीबद्दल बोललं पाहिजे, कारण तांदळाच्या पिठाला जाळी पडणं ही सोपी गोष्ट नाही. गव्हाच्या पिठात चिकटा असतो, तो ताणला जातो आणि हवा धरून ठेवतो. तांदळात तो नसतो. मग भोकं टिकतात कशी? खालून उष्णता चढते, पाण्याची वाफ होते, ती वर जायला वाट काढते आणि जाता जाता पिठात उभ्या नळ्या कोरते. तांदळातला स्टार्च सुमारे 70 अंश सेल्सिअसच्या पुढे फुगून घट्ट व्हायला लागतो. वाफ निसटत असतानाच स्टार्च घट्ट झाला, तर नळ्या तशाच उभ्या राहतात. आधी घट्ट झाला तर वाफ कोंडते आणि सेराबी गच्च होते. उशिरा झाला तर भोकं पुन्हा मिटतात. पीठ किती पातळ, विस्तव किती, झाकण कधी, या तिन्हींचा मेळ त्या काही सेकंदांत बसावा लागतो. जुन्या पद्धतीत पीठ भिजवताना ते हाताने थापटून थापटून घोटतात, पुन्हा पुन्हा तळहाताचे फटके मारतात. त्याने त्यात हवा शिरते. काही जण थोडं यीस्ट घालून पीठ काही वेळ ठेवतात. मला विचाराल तर थापटलेल्या पिठाची सेराबी सरस. यीस्टने जाळी हमखास पडते, पण तिच्यात एक पावासारखा वास येतो आणि तो नारळाच्या आड येतो. थापटलेल्या पिठाची भोकं लहानमोठी, अनियमित असतात, आणि तांदळाचा स्वतःचा, किंचित दुधाळ वास शाबूत राहतो.

तांदूळ भिजवून त्याच दिवशी दळलेला असेल तर तो वास अधिकच. पाकिटातलं कोरडं पीठ वापरलेली सेराबी दिसायला अगदी तशीच असते, पण तोंडात ती पटकन विरघळून संपते. ताज्या दळणाच्या सेराबीत अगदी बारीक कण जाणवतात आणि त्यामुळे ती चावावीशी वाटते. सोलोच्या पश्चिमेला, योग्यकर्त्याच्या वाटेवर, क्लातेन जिल्ह्यात डेलांगू म्हणून भाग आहे. तिथला रोजोलेले हा सुवासिक तांदूळ सगळ्या जावात नावाजलेला. असा तांदूळ हाताशी असलेल्या मुलखात साध्या, बिनसजावटीच्या सेराबीला मान मिळावा यात नवल नाही. तांदूळच बोलका असला की वरून काही घालावंसं वाटत नाही.

वासाचा दुसरा धागा पांदानचा. लांबट, तलवारीसारख्या हिरव्या पानांचं हे झुडूप जावात जवळजवळ प्रत्येक परसात असतं. महाराष्ट्रातही ते अनोळखी नाही. काही घरांत कुंडीत लावलेलं असतं, त्याला आंबेमोहोराचं पान म्हणतात आणि साध्या भातात त्याचा तुकडा टाकला की सुवासिक तांदूळ शिजवल्यासारखा वास सुटतो. याचं कारण रसायनात आहे. पांदानच्या पानात आणि आंबेमोहोर, बासमती यांसारख्या तांदळांत सुवास देणारं मुख्य द्रव्य एकच आहे, 2-ॲसिटिल-1-पायरोलिन. म्हणजे सेराबीत पांदान घालणं हे वेगळा मसाला घालणं नाहीच. तांदळाचा जो वास आहे त्यालाच आणखी गडद केलं जातं. व्हॅनिला घातलेल्या सेराब्या हल्ली मिळतात; त्या खाताना हा फरक लगेच कळतो. व्हॅनिला तांदळापासून वेगळा पडतो, पांदान वेगळा काढून दाखवता येत नाही.

आता केळीचं पान. कढईतून उतरलेली सेराबी गरम असतानाच कापलेल्या पानावर ठेवतात आणि पानासकट गुंडाळतात. पानावरचा मेणासारखा थर उष्णतेने सैल होतो, हिरवा, ओलसर वास सुटतो आणि सेराबीच्या खालच्या भाजलेल्या अंगात शिरतो. पण गुंडाळण्याचं खरं कारण मला रचनेत दिसतं. सपाट असताना आरेह वर होतं आणि खरपूस बाजू खाली. गुंडाळल्यावर आरेह आत जातं, खरपूस बाजू बाहेर येते आणि पानाला लागते. हातात आता सुरळी असते. पान थोडं थोडं उलगडत टोकापासून खायची. पहिला घास बहुतेक कडेचा, कुरकुरीत आणि जवळजवळ बिनसाखरेचा. दोन-तीन घासांनी मधलं गाभ्याचं आरेह येतं, गार होत आलेलं पण अजून मऊ. आणि शेवटी पुन्हा कड. खाणाऱ्याला काही करावं लागत नाही, पदार्थच आपला क्रम ठरवून आलेला असतो. बशीत सपाट ठेवून चमच्याने तुकडे करून खाणारेही भेटतात. चव तीच, पण क्रम गेला की सेराबी निम्मी होते असं मला वाटतं.

सोलोत सेराबी म्हटलं की पहिलं नाव निघतं ते नोटोसुमानचं. हे मुळात रस्त्याचं नाव. आज त्या रस्त्याला मोहम्मद यामिन यांचं नाव आहे, पण सेराबीने जुनं नाव जिवंत ठेवलं. हू गेक होक आणि तान ग्योक लान या चिनी वंशाच्या दांपत्याने 1923 मध्ये इथे सेराबी विकायला सुरुवात केली, आणि पुढच्या पिढ्यांनी ती चालवली. आजही तिथे मुख्य प्रकार दोनच: साधी, आणि चॉकलेटचे बारीक दाणे घातलेली. साच्यात न घालता, छोट्या कढयांत, एक एक करून. लोक दहा-दहांचे डबे बांधून नेतात. सोलोहून येणाऱ्या पाहुण्याच्या हातात तो डबा असणं हे जावातल्या घरांत गृहीतच धरलेलं असतं.

चिनी घराण्याने जावाचा जुना पदार्थ शंभर वर्षं जपावा, त्यात डचांनी रुजवलेले चॉकलेटचे दाणे पडावेत, आणि गिऱ्हाईक बहुसंख्येने मुसलमान जावी असावं, हे इंडोनेशियाला धरूनच आहे. ते दाणे मेसेस म्हणून ओळखले जातात. डच लोक सकाळी पावावर तसले दाणे घालून खातात, ती सवय वसाहतीच्या काळात इथे आली आणि राहिली. शुद्धतेचे आग्रही मेसेसला नाकं मुरडतात. मी मुरडणार नाही. आरेहच्या उबेत दाणे अर्धवट वितळतात, त्यांचा कडवटपणा खारट आरेहला चांगला धरतो. फक्त त्यांच्यापुढे तांदळाचा वास ऐकू येत नाही, म्हणून पहिली सेराबी नेहमी साधी घ्यावी.

पदार्थ स्वतः मात्र 1923 हून कितीतरी जुना आहे. सोलोच्या दरबारात, तेव्हाचा युवराज आणि पुढे पाकुबुवना पाचवा म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राच्या इच्छेने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘सेरात चेंतिनी’ हा प्रचंड पद्यग्रंथ रचला गेला. जावाचं जवळजवळ सगळं ज्ञान त्यात गोळा केलं आहे: वाद्यं, घरं, औषधं, धर्मचर्चा, प्रणय आणि खाणं. भटकणारी पात्रं जिथे जिथे उतरतात तिथे त्यांच्यापुढे पानं मांडली जातात आणि पदार्थांची नावं ओळीने येतात. त्यांत सेराबीही आहे. दोनशे वर्षांपूर्वी ती पाहुण्यापुढे ठेवण्याजोगी होती, एवढं त्यावरून नक्की कळतं.

सोलोहून वायव्येला, सेमारांग आणि योग्यकर्ता यांच्या मधल्या डोंगराळ भागात आंबारावा आहे. रेल्वेच्या जुन्या इंजिनांच्या संग्रहालयासाठी आणि जवळच्या रावा पेनिंग तळ्यासाठी लोक तिथे जातात. त्याला लागूनच मागेलांगकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर न्गाम्पिन नावाचं गाव आहे आणि रस्त्याच्या कडेला सेराबीच्या टपऱ्यांची रांग. इथे सोलोचे बहुतेक नियम चालत नाहीत. सेराबी लहान, जाड, पांढरी, हिरवी किंवा तपकिरी. आरेह नाही, कुरकुरीत झालर नाही, गुंडाळणं नाही. ती वाडग्यात येते आणि तिच्यावर नारळाच्या दुधात गूळ विरघळवून केलेला कोमट रस ओतला जातो. रमझानच्या आधीच्या महिन्यात, ज्याला जावी लोक रूवाह म्हणतात, पूर्वजांच्या कबरी झाडून स्वच्छ करायच्या दिवसांत, या सेराबीला विशेष मागणी असते.

वाडगं पुढे आलं की कोकणातल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागत नाही. आपली खापरोळी हीच: तांदळाची, जाडसर, जाळीदार, खापरावर झाकून काढलेली आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायची. दोन्हीकडे तांदूळ, माड आणि मातीची भांडी असल्यावर दोन्हीकडच्या बायका एकाच ठिकाणी पोचल्या. फरक रसात आहे. आपला गूळ उसाचा, त्यात वेलची. तिथला गूळ माडाचा.

हा माडाचा गूळ, गुला जावा, जरा समजून घेण्यासारखा आहे. मध्य जावात बान्युमास भागात तो मोठ्या प्रमाणावर होतो. माडाची न उमललेली पोय बांधून तिचं टोक छाटतात, त्यातून रस ठिबकतो. तो काढायला माणूस सकाळ-संध्याकाळ, दिवसातून दोनदा, प्रत्येक झाडावर चढतो. रस लगेच आंबायला लागतो, म्हणून भांड्यात आधीच थोडा चुना टाकून ठेवतात, कुठे मँगोस्टीनची साल किंवा फणसाचं लाकूड. मग तासन् तास कढवून घट्ट झालेला रस करवंटीत किंवा बांबूच्या नळीत ओतून ढेपा पाडायच्या. उंचावरून पडून जायबंदी होणारे या धंद्यात कमी नाहीत, आणि रसाची गोडी चाखताना हे आठवावं असं मला वाटतं. या गुळाला उसाच्या गुळाचा आंबूसपणा नाही. धुराचा, कढलेल्या दुधाचा, किंचित भाजलेल्या बीसारखा गंध आहे. त्यात आरेहसारखाच मिठाचा कण पडतो. न्गाम्पिनच्या सेराबीला स्वतःची चव फारशी नसते आणि ती नसावीच. तिच्या जाळीने रस प्यायचा असतो. दाबून पाहा: प्रत्येक भोकातून रस वर येतो. इथेसुद्धा ती एकाच अंगाने भाजलेली आहे, आणि त्याचाच उपयोग होतो: वरची उघडी जाळी रस आत घेते, खालची बंद, भाजलेली साल तो धरून ठेवते. दोन्ही बाजू भाजल्या असत्या तर रस वरून ओघळून गेला असता.

पश्चिम जावात, सुंदानी लोकांच्या मुलखात, ती सुराबी होते. बांडुंगच्या थंड पहाटे ती मातीच्या तव्यांत, मातीच्या झाकणाखाली, लाकडाच्या जाळावर भाजतात. माती उष्णता हळू घेते आणि हळू सोडते, थोडं पाणी स्वतः शोषते, म्हणून सुराबीचं बूड सोलोपेक्षा जाड आणि खरपूस, कधी काळ्या डागांचं. त्यावर धुराचा वास. पिठात बहुधा खवलेला नारळही असतो. गोड खायची तर किंचा, म्हणजे गुळाचा पातळ रस. तिखट खायची तर ओंचोम. टोफू करताना उरणाऱ्या चोथ्यावर न्यूरोस्पोरा नावाची केशरी बुरशी वाढवून ओंचोम करतात, ते मिरची आणि केंचुर या आल्याच्या कुळातल्या सुगंधी मुळाबरोबर परतून सुराबीवर शिजता शिजता पसरतात. या लेखाचा विषय गोड सेराबी आहे, तरी एवढं सांगितल्यावाचून राहवत नाही की ओंचोमची सुराबी ही गरिबीतून जन्मलेली आणि पूर्ण विचाराने घडलेली चीज आहे. चोथ्यालाही चव असते, ती ओळखणारे हात लागतात.

बांडुंगनेच सेराबीला दुसरी वाटही दाखवली. कॉलेजच्या पोरांसाठी उघडलेल्या खाद्यगृहांत आता सुराबीवर किसलेलं चीज, सॉसेज, मेयोनेज, ड्युरियन, आइस्क्रीम असं काहीही मिळतं, आणि यादी पानभर असते. तिथे गर्दी असते, पोरं आनंदात असतात, आणि त्यांच्या आनंदावर पाणी ओतायचं मला कारण नाही. पण रसग्रहण करायला बसलो आहे तर मत द्यायला हवं. चीजमध्ये स्वतःचं मीठ भरपूर असतं, तेव्हा आरेहच्या मिठाला काही काम उरत नाही. मेयोनेजचा आंबटपणा नारळाच्या स्निग्धतेला छेद देतो. सॉसेजच्या वजनाने जाळी खाली बसते आणि सुराबी गच्च लागते. आइस्क्रीमने ती गार पडते, आणि गार झालेली तांदळाची जाळी रबरासारखी ताठ होते. जे घातलं त्याचीच चव येते. तळाला जे आहे ते कुठल्याही जाड धिरड्याने चालून गेलं असतं. घालायचंच असेल तर सोलोच्या फुटपाथवर मिळतात तशा पिकल्या केळ्याच्या किंवा फणसाच्या बारीक फोडी घालाव्यात. दोन्ही फळं वाफेत मऊ होतात, नारळाशी भांडत नाहीत आणि आरेहला जागा सोडतात.

सेराबीचा एक दोष आहे आणि तो लपवता येत नाही: ती टिकत नाही. त्यात टिकवण्यासाठी काही घातलेलं नसतं, नारळाचं दूध उष्ण हवेत आंबतं, आणि तांदळाचा स्टार्च गार झाला की घट्ट व्हायला लागतो. सकाळची सेराबी दुपारी चांगली असते, संध्याकाळी बरी असते, दुसऱ्या दिवशी तिचा आकार तेवढा उरतो. काहीजण ती पानासकट वाफवून पुन्हा गरम करतात. त्याने मऊपणा बराच परत येतो, कुरकुरीत कड मात्र परत येत नाही, कारण कड कोरडेपणातून झालेली असते आणि वाफ कोरडेपणाला मारते. डब्यात बंद करून गावोगाव नेलेल्या सेराबीची कड डब्यातल्या वाफेनेच मऊ पडलेली असते. जावातल्या लोकांनी हे स्वीकारलं आहे. डब्यातली सेराबी ती निराळी, आणि शेगडीसमोरची निराळी. मी दोन्ही एकाच मापाने मोजणार नाही, पण ज्याने फक्त डब्यातली खाल्ली आहे त्याने सेराबी पाहिलीच नाही असं म्हणायला कचरणारही नाही.

चांगली ओळखायची कशी? कड काठापासून आपोआप सुटलेली असावी, खरवडावी लागली तर कढई पुरेशी तापलेली नव्हती. बूड एकसारखं बदामी असावं. मधला भाग पांढराच असावा. पिवळट झाला असेल तर आरेह जास्त आटलंय, तेल सुटायच्या बेतात आहे. उलगडल्यावर पानावर तेलाचा डाग कमी आणि दुधाचा ओलसरपणा जास्त दिसावा. आणि खाऊन झाल्यावर तोंडात शेवटी गोडी उरता कामा नये. शेवटी उरावा तो भाताचा वास.

सोलोला जाणं झालं तर नोटोसुमानचा डबा घरच्यांसाठी जरूर बांधून घ्या आणि त्याच रात्री संपवा. पण त्याआधी सकाळी लवकर स्लामेत रियादीवर या, जिथे शेगडी पेटलेली दिसेल तिथे बाकड्यावर बसा, एक साधी मागा, आणि बाई पान गुंडाळून हातात देईल तेव्हा गार व्हायची वाट पाहू नका.